हत्तीचं एक मत

मी एका जिवंत माणसाला लाल शाईने मारलं, आणि मारून झाल्यावर त्याच्याच घरी बसून आल्याचा चहा प्यायलो.

हे १९८३ सालच्या ऑक्टोबरातलं. उमरेडच्या शाळेत शिकून आणि डी.एड.चा कागद खिशात घालून मी नागपुरात एका प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून नुकताच चिकटलो होतो. मास्तर लोक दसऱ्याच्या सुट्टीत मोकळे असतात असा सरकारला दाट संशय आहे. म्हणून त्या सुट्टीत आम्हाला मतदारयाद्या तपासायला दारोदार फिरवतात. शाळेमागचा अख्खा मोहल्ला माझ्या वाट्याला आला. हातात जुनी छापील यादी, एक निळं पेन, एक लाल. नवा मतदार निळ्याने लिहायचा. गेलेला लालने खोडायचा आणि पुढे 'मयत' लिहायचं. चार महिने पोरांच्या वह्या तपासून लाल पेनाची सवय झालीच होती.

दुपारी घर क्रमांक एक्केचाळीस आलं. यादीत दोन नावं होती : धोंडबा शंभरकर, वय साठ, आणि इंदूबाई धोंडबा शंभरकर, वय बावन्न. दार उघडं. आत एक बाई सुपात तांदूळ निवडत बसलेल्या. समोरच्या भिंतीवर तीन तसबिरी. एक बुद्धाची, एक बाबासाहेबांची, आणि तिसरी पांढरे कपडे घातलेल्या, ताठ मानेच्या एका तिशीतल्या माणसाची. तिन्हींना झेंडूचे ताजे हार. बाईंच्या कपाळावर कुंकू नाही, गळ्यात काळी पोत नाही.

आमच्या उमरेडच्या गल्लीत एवढ्या खुणा दिसल्या की पुढचं विचारायची गरज नसते. विचारणं म्हणजे असभ्यपणाच. मी चप्पल काढली, आवाज खाली आणला आणि चेहऱ्यावर जमेल तेवढं सांत्वन पसरलं.

"बसा न मास्तर," बाई म्हणाल्या. माझ्याकडे नीट पाहून त्यांनी विचारलं, "तब्येत बरी नाही काय जी तुमची? चेहरा कसातरी दिसून राहिला."

"नाही, नाही. तुम्ही सांभाळा स्वतःला," मी म्हणालो.

हे त्यांना काही समजलं नसावं, पण उन्हात फिरून मास्तरला काहीतरी झालंय एवढं त्यांनी ताडलं आणि आलं टाकून चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत मी धोंडबांच्या नावावरून पट्टीने सरळ लाल रेघ ओढली. प्रत्येक घराचं एक कार्डही दोन प्रतींत भरायचं असतं; त्यावर त्यांच्या नावापुढे 'मयत' लिहिलं. कार्डाच्या खाली 'कुटुंबातील जाणत्या व्यक्तीची सही' अशी जागा असते. तिथे इंदूबाईंनी सही केली, तीही एक डोळा चुलीवर ठेवून, कारण चहा उतू चालला होता. दुसरी प्रत मी त्यांच्याकडे दिली. ती त्यांनी न वाचता पत्र्याच्या पेटीत टाकली. चहा उत्तम होता. निघताना मी त्या तसबिरीला हात जोडले. बाईंना माझा आदर वाटला असावा.

धोंडबा त्या दिवशी पोराकडे खापरखेड्याला गेले होते. संध्याकाळच्या बसने ते परत आले, आणि पुढचे चौदा महिने कागदावर मेलेले असूनही घरात जेवत, खोकत, भांडत राहिले.

हे मला कळलं ते चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात. दिल्लीत पंतप्रधानांची हत्या झाली होती, लोकसभेची निवडणूक जाहीर झाली होती, आणि मतदानाला आठवडा उरला होता. त्या दिवसांत पक्षांची पोरं घरोघर चिठ्ठ्या वाटतात : तुमचं नाव, यादीतला क्रमांक, केंद्र. एका सकाळी मी वर्गात पाढे घेत होतो. दारात इंदूबाई उभ्या. हातात एक चिठ्ठी.

"मास्तर, तुमीच आले होते न आमच्या घरी लिवाले?"

"हो."

"मले चिठ्ठी आली. आमच्या मालकाले नाही आली. थे पोट्टे म्हणतेत, तुमचा म्हातारा यादीत मेला."

माझ्या डोळ्यांपुढे तो झेंडूचा हार आला. तरीही मी विचारलं, "म्हणजे... ते आहेत?"

"आहेत म्हंजे काय? घरी बसून मले शिव्या देऊन राहिले!"

पाढे तसेच सोडून मी त्यांच्यामागे निघालो. वाटेत मी हाराचं सांगितलं. त्या थबकल्या. मला वाटलं आता चपलेला हात जाणार. पण त्या हसायलाच लागल्या, पदर तोंडाला लावून.

"अहो मास्तर, थो फोटो छप्पन सालचा दीक्षेचा होय. चौदा ऑक्टोबरले आमी त्याले हार घालतो. आमचे मालक म्हणतेत, त्या दिवशी माह्या नवा जनम झाला. थो हार बड्डेचा होता जी!"

"आणि कुंकू..."

"कुंकू मी तवाच पुसलं, दीक्षेच्या दिवशी. नवरा जिता ठेवून पुसलं."

धोंडबा ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. तसबिरीतला माणूस आणि हा माणूस यांच्यात मान तेवढी सारखी, ताठ. बाकी सगळं कापडमिलमधल्या तीस वर्षांच्या कापूसधुळीने खाल्लेलं. दोन वाक्यांमध्ये खोकला. मी पुढे होऊन सांगितलं, की तुमचं नाव खोडणारा तो मीच.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढासाच हाय तू तं," ते म्हणाले. "मले वाटलं कोणी मोठा सायेब असंल."

मी म्हणालो, पुढच्या वेळेला नाव नक्की येईल, मी स्वतः फॉर्म भरतो.

"पुढच्या वेळचं मले सांगू नको गा मास्तर. मले याच वेळी पायजे. माह्यावर एक मत हाय हत्तीचं. खाल्लेलं. थे वापस कराचं हाय."

मला वाटलं म्हातारा तापात बोलतोय. पण इंदूबाई आतून ओरडल्या, "सांगा न पूरं! मास्तरले बी मालूम होऊ द्या, तुमी काय खाल्लं थे!" मग ते सांगू लागले. मधे खोकला आणि मधे इंदूबाई, असं अडखळत ते तासभर चाललं.

बावन्न साली त्यांनी पहिलं मत दिलं. तेव्हा शिक्का नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चित्र चिकटवलेलं, आपला कागद आपल्या चित्राच्या पेटीत टाकायचा. बाबासाहेबांच्या पक्षाचं चित्र हत्ती. "मी हत्तीच्या पेटीत टाकला. टाकल्यावर पेटीले कान लावला, आत पडला काय पाहाले. तिथल्या सायेबानं हाकललं मले." सत्तावन्नलाही हत्ती. तोवर दीक्षा झालेली, मोहल्ला नवा कोरा झाल्यासारखा. मोहल्ल्यात सत्ताधारी पक्षाच्या बैलजोडीचा माणूस प्रचाराला आला, तर पोरं त्याच्या सायकलची हवा सोडायची. बासष्टला शिक्का आला, तरी हत्ती. सदुसष्टला हत्ती.

"निवडून यायचा का?" मी विचारलं.

"कधीमधी. बहुतेक पडेच. पण आपला पडलेला होता न."

मग हत्तीचे दोन झाले. दोनाचे तीन. धोंडबांनी मला पुढाऱ्यांची नावं सांगितली नाहीत, फक्त बोटं मोजून दाखवली : एवढे गट. एका गटाने बैलजोडीच्या जागी आलेल्या गायवासराशी सोयरीक केली, दुसऱ्याने त्याला गद्दार म्हटलं, तिसऱ्याने दोघांना. एकाहत्तर साली वेगळ्या विदर्भाचा सिंह गर्जायला लागला, आणि ज्या पोरांनी बैलजोडीवाल्याच्या सायकलची हवा सोडली होती ती आता मोठी होऊन सिंहामागे पळाली. मिलमधले निम्मे लोक सिंहाचे. सिंह धो धो मतांनी आला. सत्त्याहत्तरला तर गंमतच झाली : सगळ्या उत्तरेनं गायवासरू हाकलून दिलं, आमच्या विदर्भानं मात्र ते आपल्या गोठ्यात बांधून ठेवलं. पुढच्या वर्षी गायवासरू जाऊन हात आला, आणि मोहल्ल्याच्या भिंतींवर जुन्या चुन्याखालून हत्तीची सोंड आणि वरून पाचही बोटं अशी चित्रं दिसू लागली.

"आणि तुम्ही?"

"मी हत्ती. लोकं म्हणे, धोंडबा, तुह्यं मत वाया जाते. मी म्हणो, माह्यं मत हाय, तुह्या बापाचं धान हाय काय वाया जाले?"

"मग खाल्लं कधी?"

ते थांबले. आतला आवाजही थांबला. तेवढ्यावरून मला कळलं की हे घरात नेहमी बोललं जातं, पण बाहेर नाही.

ऐंशी सालचा जानेवारी. पोरगा रविंद्र आय.टी.आय. होऊन तीन वर्षं रिकामा होता. मोहल्ल्यात रुपराव नावाचा हाताचा कार्यकर्ता होता, रॉकेलचं दुकान असलेला. तो एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, खापरखेड्याला माझ्या ओळखीचा एक ठेकेदार आहे, पोराला फिटर म्हणून चिकटवतो. घरातली दोन्ही मतं मात्र हाताला पाहिजेत. "शपथ घे म्हणे. मी म्हणलं, शपथ मी छप्पन सालीच घेतली. दुसरी घेत नाही. पण मत देईन."

"आन् मी म्हणलं, मी देत नाही," इंदूबाई दारात येऊन म्हणाल्या. "मी हत्तीले देल्लं. यायनं हाताले देल्लं. तिकडं पोट्टा लागला."

"दोन महिन्यात लागला," धोंडबा म्हणाले. "रुपराव खोटा निंगला असता तं बरं झालं असतं. बोललेलं पाळलं त्यानं."

मास्तर माणसाला न विचारलेला हिशेब सांगायची खोड असते. मी म्हणालो, "धोंडबा, हत्ती तेव्हा हजारो मतांनी पडला असेल. तुमच्या एका मताने त्याला काय फरक पडला असता?"

"त्याले नाही पडला. मले पडला." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "पाच वर्सं होत आले, मी त्या फोटोखाली झोपत नाही. खाट फिरवली."

खरंच, खाट उलट्या भिंतीला होती. मी ती आधी पाहिली होती, पण मला वाटलं तिकडे उजेड येत असेल.

रामदासपेठेतल्या डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं की थंडी सांभाळा, फार वर्षं नाहीत. या वेळी मतपत्रिकेवर हत्ती आहे हे त्यांनी स्वतः पोरांना विचारून पक्कं केलं होतं. कोणत्या गटाचा हत्ती, याची चौकशी त्यांनी केली नव्हती. "हत्ती हाय न? बस."

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या रजेचा अर्ज टाकून धोंडबांना रिक्षात बसवलं आणि निवडणुकीच्या कचेरीत नेलं. इंदूबाईही आल्या. तिथे मधुसूदन नावाचे एक कारकून होते. चांगला माणूस. वाईट भेटला असता तर भांडता आलं असतं. त्यांनी आमचं सगळं ऐकलं, धोंडबांना बसायला स्वतःचा स्टूल दिला, पाणी दिलं. मग कपाटातून मोहल्ल्याचा गठ्ठा काढला आणि ते कार्ड आमच्यासमोर ठेवलं. माझं अक्षर वळणदार आहे. 'मयत' फारच सुंदर आलं होतं.

"खाली पत्नीची सही आहे," मधुसूदन म्हणाले.

धोंडबा वाकले. मग मान वळवून बायकोकडे पाहिलं. "तू सही केली?"

"चहा उतू चाल्ला होता," इंदूबाई म्हणाल्या.

"माह्या मरणावर सही केली तिनं, चहासाठी!"

"तुमी खापरखेड्याले कायले गेलते त्या दिवशी? घरी राहता तं जिते राहता!"

कचेरीतले चार लोक हसले. मधुसूदनही हसले, मग गंभीर झाले. त्यांनी सांगितलं : उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की यादीला कोणालाच हात लावता येत नाही. साहेबांनाही नाही. चूक कबूल आहे, माणूस समोर बसलेला आहे, तरीही नाही. फॉर्म आत्ता भरा, पुढच्या निवडणुकीला नाव येईल.

"मी जिता हाय हे तुमाले दिसते न?" धोंडबांनी विचारलं.

"दिसतं, बाबा."

"मंग?"

मधुसूदननी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग फॉर्म पुढे सरकवला. तो मी भरला. नाव, वय, पत्ता. एकही खाडाखोड न करता. मधुसूदननी पोचपावती फाडून दिली. धोंडबांनी ती घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि येताना रिक्षात दोनदा चाचपून पाहिली.

येताना मी माझी सगळ्यात मोठी कल्पना मांडली. म्हणालो, माझं मत आहे ना. मी तुमच्या वतीने हत्तीला देतो.

"तुह्यं नाव कुठं हाय?"

"उमरेडला. ड्यूटीवर असल्यामुळे टपालाने येतं."

"उमरेडच्या कागदावर हत्ती हाय काय?"

हे मला माहीत नव्हतं. मग धोंडबा बायकोकडे वळले, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ झाला. "तुह्यं तं हत्तीच असते. या वेळी माह्या नावानं टाक. तुह्यं पुढच्या वेळी टाकजो."

"माह्यं मत माह्यं हाय," इंदूबाई म्हणाल्या. "तुमचं खाल्लेलं मी काहून फेडू?"



मतदानाच्या दिवशी माझी ड्यूटी आमच्याच शाळेत लागली, खोली क्रमांक दोनमध्ये. धोंडबांचं केंद्र खोली क्रमांक तीन, मधे एक लाकडी पार्टिशन. तिथले केंद्राध्यक्ष दत्तोपंत, दुसऱ्या शाळेतले मुख्याध्यापक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, नियमपुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मी आदल्या रात्रीच त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, "वाईट झालं हो." आणि नियमपुस्तकाची पानं चाळून पुन्हा म्हणाले, "फारच वाईट झालं."

सकाळी दार उघडायच्या आधी रांगेत पहिला माणूस उभा. पांढरा सदरा, पांढरं धोतर, कडक इस्त्री. फोटोतले कपडे नव्हेत, पण फोटोतला थाट. मागे इंदूबाई. मी पार्टिशनच्या फटीतून पाहत होतो आणि माझ्या खोलीतल्या मतदारांची नावं चुकीची वाचत होतो.

"यादीत नाव नाही, बाबा," दत्तोपंत म्हणाले.

"मालूम हाय. तरी पाहा."

दत्तोपंतांनी पाहिलं. पुरवणी यादीही पाहिली. त्यात नाव होतं, वगळलेल्यांच्या रकान्यात. त्यांनी यादी फिरवून दाखवली. धोंडबांनी बोट ठेवून वाचलं.

आणि तेव्हा एक गोष्ट झाली, जिची मला अपेक्षा नव्हती. पक्षांचे एजंट भिंतीला लागून बाकावर बसलेले असतात. हाताचा एजंट होता रुपराव. तो उठला. "साहेब, मी ओळखतो. हे धोंडबाच होय. मी लिहून देतो."

"मत तुझ्या विरोधात जाणार आहे, रुपराव," कोणीतरी बाकावरूनच टोमणा मारला.

"जाऊ दे न गा. माणूस तं आपला हाय!"

हत्तीचा एजंट बाकावर असता तर त्यानेही सांगितलं असतं. पण हत्तीची जागा रिकामी होती. गटांची रात्रीच कशावरून तरी भांडणं झाली होती, आणि एजंटचा पास कोणाकडे राहिला, हे त्यांनाच माहीत नव्हतं.

"ओळखीचा प्रश्नच नाही," दत्तोपंत म्हणाले. "ओळख पटली. नाव नाही."

धोंडबा बाजूला झाले. रांग पुढे सरकली. इंदूबाई आत गेल्या, शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकली, बोटाला शाई लावून बाहेर आल्या. धोंडबा व्हरांड्यात पोरांच्या बाकावर बसले होते, गुडघे हनुवटीपाशी, कारण तो पहिलीचा बाक होता.

"हत्ती?" त्यांनी विचारलं.

"गुप्त असते," इंदूबाई म्हणाल्या.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मी बाहेर आलो, तर दोघं तिथेच. घरी का गेले नाहीत, विचारलं. इंदूबाईंनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, यायच्या बोटाले थोडी शाई लावून द्या न. मोहल्ल्यात पोट्टे बोट पाहतेत. यायले तोंड दाखवता येत नाही."

माझ्या खोलीत शाईची बाटली माझ्याच टेबलावर होती. एक माणूस विनाकारण मारल्यावर एक बोट विनाकारण रंगवायला काय हरकत, असा विचार मी केला, आणि खरं सांगतो, तो नीट केला. काडी शाईत बुडवून मी व्हरांड्यात आलो आणि धोंडबांचा डावा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, हळूच.

"नको गा. एक खोटं तं तू लिवलं. मी कायले दुसरं लिवू?" काडीवरची शाई माझ्याच अंगठ्यावर सांडली. ती पुढे तीन आठवडे राहिली. वर्गातली पोरं विचारायची, गुरुजी, तुम्ही अंगठाबहाद्दर का?

संध्याकाळी इंदूबाई पुन्हा भेटल्या, नळावर. कोणी ऐकत नाही असं पाहून त्या म्हणाल्या, "मास्तर, यायले सांगू नका. मी हाताले देल्लं. बाईले तिच्याच अंगणात मारलं न जी. मले पाहावलं नाही." घागर भरली, उचलली, आणि जाताना म्हणाल्या, "आता आमच्या घरचे दोन झाले हत्तीचे खाल्लेले."

मी अजून ते त्यांना सांगितलेलं नाही. त्या वर्षी माझं टपाली मत निकालानंतर चार दिवसांनी आलं. पाकीट उघडून पाहिलं. उमरेडच्या कागदावर हत्ती नव्हताच.

तीन महिन्यांनी, पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक आली. या वेळी मी आधीच कचेरीत जाऊन मधुसूदनकडून यादी पाहून आलो. पुरवणीत शेवटचं नाव : शंभरकर धोंडबा, वय बासष्ट. अख्ख्या मोहल्ल्याच्या मागे, नवीन अठरा वर्षांच्या... नव्हे, तेव्हा एकवीस होतं, त्या एकवीस वर्षांच्या पोरांच्याही मागे. चिठ्ठी मी स्वतः नेऊन दिली. धोंडबांनी ती फोटोच्या चौकटीत खोचली.

मतदानाच्या दिवशी त्यांना चालवत नव्हतं. रविंद्र खापरखेड्याहून आला, सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन आला. मला त्या वेळी ड्यूटी नव्हती, म्हणून मी शाळेच्या फाटकाबाहेर उभा होतो. पांढरा सदरा, पांढरं धोतर. त्यांनी मला चिठ्ठी दाखवली, पोरगा पास झाल्यावर निकालपत्रक दाखवतो तशी.

ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. रांगेतले लोक कुरकुरायला लागले. शेवटी आले, बोटावर शाई. रविंद्रने सायकल धरली. मी पुढे झालो.

"झालं?"

"हत्ती नव्हता," ते म्हणाले.

मला पटेना. मग रुपरावनेच, तो बाहेर पान खात उभा होता, समजावून सांगितलं. महिनाभरापूर्वी हत्तीच्या एका गटाची एका आघाडीशी बोलणी झाली, दुसऱ्याची दुसरीशी. या मतदारसंघातली जागा दोघांनीही मित्रपक्षाला सोडली. हत्ती कोणाचा हे भांडण मिटलं नाही, म्हणून हत्ती उभाच नाही. "मी पहिलेच सांगितलं असतं," रुपराव म्हणाला, "पण म्हातारा इतक्या खुशीत होता."

"मी वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं," धोंडबा म्हणाले. "तिथल्या पोरीले विचारलं, बाई, माह्या कागदावर छापाचा राहिला काय? थे म्हणे, नाही बाबा, एवढेच हायेत."

"मग कोणाला शिक्का मारला?"

"कोणाले नाही. कोरा टाकला. घडी नीट घातली."

इंदूबाई फाटकाजवळ आल्या होत्या. मला वाटलं होतं आता टोमणा मारतील, आणि त्यांनी मारलाच, पण आवाज नेहमीचा नव्हता. "डिसेंबरात हत्ती होता, तं हे मेले होते. आता हे जिते झाले, तं हत्ती मेला. माह्या घरी एका वेळी दोघं काही जगत नाहीत, मास्तर."

मी म्हणालो, पुढच्या वेळी. हे शब्द तोंडातून गेले आणि मला डिसेंबर आठवला.

"पुढच्या वेळी हत्ती कोणाच्या दारात बांधून राहील, कोणाले मालूम," धोंडबा म्हणाले आणि कॅरिअरवर बसले. रविंद्रने सायकल हाकली नाही, हाताने ढकलत नेली, बाप हलू नये म्हणून.

आता दरवर्षी चौदा ऑक्टोबरला मी त्यांच्याकडे जातो. झेंडूचा एक हार मी नेतो. दारातूनच मोठ्याने विचारतो, "धोंडबा, आहात ना?" आतून खोकला येतो, मग शिवी येते, मग "ये गा" येतं. फोटोला हार इंदूबाई घालतात. मी एकदा म्हणालो होतो, चूक माझी, तेव्हा ते मत आता माझ्या नावावर लावा. धोंडबा म्हणाले, "तुह्या नावावर लावून काय करू? तू कोणाले देशील, कोणाले मालूम."

खाट अजून उलट्या भिंतीलाच आहे. मी ती सरळ करू का, असं एकदा विचारलं, तर ते म्हणाले, "राहू दे. अजून देणं हाय." आणि तो विषय निघाला की इंदूबाई दरवेळी चहा ठेवायला उठतात.